रुळलेली मुलं

मावशीच्या हातात बुडबुड्यांची बाटली दिसली आणि ती पोरगी किंचाळली. अजून झाकणही उघडलं नव्हतं. एरवी ती बाटली पाहिली की पोरं हात वर करून धावत येतात. हिनं उलट आईच्या गणवेशाची पॅन्ट दोन्ही मुठींत धरली, तोंड तिच्या गुडघ्यात खुपसलं आणि असा सूर लावला की आत भाजी निवडत बसलेली स्वयंपाकीण हातातलं टाकून बाहेर आली. मावशी हसली. एकोणीस वर्षांच्या सवयीनं हसली, "अगं बाई, हे काय!" म्हणाली, झाकण फिरवलं, काडी पाण्यात बुडवली आणि ओठांजवळ नेली. तेवढ्यात पोरीनं मागे वळून असा काही हात हाणला की बाटली उडून भिंतीवर आपटली आणि साबणाचं पाणी रंगवलेल्या हत्तीच्या पाठीवरून खाली ओघळायला लागलं. पोरगी पावणेतीन वर्षांची. पाळणाघरातला तिचा हा तिसरा दिवस.

तिला कळलं होतं. मावशीला त्या क्षणीच समजलं की हिला सगळं कळलंय. परवा बुडबुडे आले आणि आई नाहीशी झाली. काल बुडबुडे आले आणि आई नाहीशी झाली. यापुढचं गणित करायला काही फार मोठं डोकं लागत नाही, पावणेतीन वर्षांचं पुरतं. आणि तरीही मावशीनं तेच केलं जे ती नेहमी करत आलीय, आणि हेच तिला नंतर दिवसभर सलत राहिलं. तिनं पोरीला उचललं, तिच्या मुठी एकेक बोट करत सोडवल्या, तिचं तोंड खिडकीकडे वळवलं, "ते बघ, कबुतर बघ, कुठे बसलंय बघ" असं म्हणाली, आणि पाठीमागे डावा हात हलवून आईला स्वयंपाकघराच्या दारानं निघायची खूण केली. कबुतर नव्हतंच तिथे. पोरीनं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती, अगदी जवळून, रडणं अर्ध्यावर थांबवून, आणि तिच्या नजरेत भीती नव्हती की रुसवा नव्हता. दुकानदारानं वजनात मारलं हे लक्षात आल्यावर गिऱ्हाईक जसं त्याच्याकडे बघतं तशी ती बघत होती.

मावशी प्रत्येक नव्या पोराला एक टोपणनाव द्यायची. हिचं पहिल्याच दिवशी पडलं होतं फौजदार, कारण आल्या आल्या तिनं दोन्ही खोल्या, मोरी आणि गाद्यांचं कपाट तपासून घेतलं होतं. आई शहर बसची ड्रायव्हर. नुकतीच लागलेली, अजून छातीवरच्या बिल्ल्याला सारखा हात लावून बघणारी. घरात दुसरं कुणी नाही, आणि रोज पहिली फेरी सव्वाआठची. आठला पोरगी इथे सोडायची म्हणजे सोडायचीच. रडते म्हणून थांबले तर बस कोण काढणार, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, आणि मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "तुम्ही काळजीच करू नका. तिला कळणारसुद्धा नाही तुम्ही कधी गेलात ते." किती सहज सांगितलं होतं! वर हसलीही होती.

दुपारपर्यंत रागाला नेमकं तोंड फुटत नव्हतं. आधी तो बाटलीवर निघाला. तिनं ती धुतली, पुसली, आणि मग धुतली कशाला म्हणून कचऱ्यात टाकली. मग स्वयंपाकिणीवर निघाला, ती म्हणाली होती की पोरगी आगाऊ आहे. मग त्या छापील कागदावर. तो मोठ्या बाईंनी, म्हणजे पाळणाघराच्या मालकिणीनं, काचेच्या चौकटीत घालून दाराशी टांगला होता: 'सुलभ निरोप पद्धत'. पालकांनी निरोप घेण्याचे टाळावे. मूल खेळात रमल्यावर मागील दाराने शांतपणे प्रस्थान ठेवावे. बहुतांश मुले चौथ्या दिवसापर्यंत रुळतात. प्रस्थान! जसं काही आई मोहिमेवर निघालीय. मावशी त्या कागदासमोर फडकं घेऊन उभी राहिली आणि काच पुसत राहिली, आणि पुसता पुसता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्या कागदातलं वाक्य न् वाक्य तिचं होतं. भाषा तेवढी मोठ्या बाईंची. बुडबुडे तिचे, कबुतर तिचं, मागचं दार तिचं. ती इथे लागली तेव्हा पोरं महिना महिना रडायची, आया दारात उभ्या राहून पोरांपेक्षा मोठ्यानं रडायच्या, आणि मोठ्या बाई कपाळाला हात लावून बसायच्या. मावशीनंच सांगितलं होतं, बाई, मला एक युक्ती माहितीय. आठवड्यात पाळणाघर शांत झालं होतं. मोठ्या बाईंनी तिचा पगार वाढवला होता आणि गावभर सांगितलं होतं की आमच्या मावशींच्या हातात जादू आहे.

युक्ती तिच्या नणंदेची होती. नवरा वारला तेव्हा मावशीची लेक चार वर्षांची, आणि कपड्यांच्या कारखान्यातलं काम मिळालं ते दुसऱ्या शहरात, बायकांच्या वसतिगृहात राहून करायचं. नणंद चांगली. अगदी खरं सांगायचं तर तिच्याइतकं कुणी केलं नसतं. म्हणाली, ठेव पोरीला माझ्याकडे, दोन वर्षांत बस्तान बसव आणि घेऊन जा. आणि म्हणाली, सांगून जाऊ नकोस, सांगितलंस तर रडून गाव गोळा करेल आणि तुझाही पाय निघायचा नाही. पुढच्या खोलीत पोरीला बटणं ओवायला दिली होती. मोठी, रंगीत, कोटाची बटणं आणि एक जाड दोरा. पोरगी मान खाली घालून ओवत होती. तिच्या मानेवर केसांची एक बट सुटली होती, ती मागे सारावी असं मावशीला फार वाटलं होतं, पण हात लागला तर ती वर बघेल म्हणून सारली नाही. तशीच मागून निघाली. पहिल्या पत्रात नणंदेनं लिहिलं होतं, तुझी लेक शहाणी आहे, एकदासुद्धा रडली नाही, तू कुठे गेलीस हेसुद्धा विचारलं नाही. ते पत्र मावशीनं वसतिगृहातल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं होतं. अभिमानानं! त्यातल्या कितीजणींची पोरं गावाकडे रडून आजारी पडत होती, आणि हिची लेक हूं की चूं न करता रुळली होती. दोनाची तीन वर्षं झाली. घ्यायला गेली तेव्हा लेक दारात आली, पाणी घेऊन. पेला पुढे केला आणि म्हणाली, प्रवास नीट झाला का?

लेक आता एकतीस वर्षांची आहे. तपासणीच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने बघते, याच शहरात, दोन बस बदलून जावं लागेल एवढ्या अंतरावर. एक रविवार आड करून येते. फळं आणते, औषधं संपलीत का विचारते, तासभर बसते, निघताना पंखा नीट फिरतोय का तेही बघून जाते. कधी भांडली नाही. कधी काही मागितलं नाही, रुसली नाही, दार आपटलं नाही. शेजारणी म्हणतात, अशी लेक नशिबानं मिळते. मावशीही तेच म्हणायची. पण त्या दुपारी गाद्यांच्या रांगांमधून पांघरुणं सारखी करत फिरताना तिला त्या सगळ्या रविवारांची एकदम चीड आली, त्या फळांची, त्या पिशवीची व्यवस्थित बांधलेल्या गाठीची. इतकं नीट कुणी वागतं का आपल्या आईशी?

फौजदार झोपली नव्हती. स्वयंपाकघराच्या बंद दाराला पाठ लावून ती बसली होती, पाठीवर आपली छोटी पिशवी तशीच अडकवलेली. रडत नव्हती. समोर ठेवलेला खाऊ खाल्ला होता, ठोकळे दिले ते हातात धरले होते. दीडच्या सुमाराला मोठ्या बाई वही घेऊन आल्या, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि समाधानानं म्हणाल्या, "बघा, रुळायला लागली. बारानंतर आवाज नाही." आणि वहीत लिहिलंसुद्धा. मावशीच्या तोंडाशी आलं होतं की बाई, ही रुळली नाही, हिनं नाद सोडला. दोन्हींत आवाज होत नाही म्हणून तुम्हाला फरक दिसत नाही. पण तिनं खाली वाकून एक पांघरूण सारखं केलं. एकोणीस वर्षांत अशी किती पोरं रुळवली आपण? तिनं मोजायचा प्रयत्न केला नाही. तिला फक्त त्यांच्या माना दिसत होत्या, खेळावर वाकलेल्या, आणि त्यांच्या पाठीमागून जाणारी कुणी ना कुणी बाई.

संध्याकाळी बस ड्रायव्हर आली तेव्हा मावशीनं तिला दारातच धरलं. "उद्या तिला सांगून जायचं. समोरच्या दारानं."

"रडेल ना हो ती."

"रडेल."

"मावशी, तुम्हीच तर म्हणालात…"

"म्हणाले. चुकलं माझं." हे वाक्य इतक्या तिरसटपणे बाहेर पडलं की ती बिचारी एक पाऊल मागे सरली. मावशीला आवाज खाली आणायचा होता, पण तो येईना. "तिच्याकडे बघून सांगायचं, मी कामाला चालले, खाऊ खाऊन झाला की चार वाजता येते. आणि जायचं. परत परत वळायचं नाही, पण पळायचंही नाही. चोरासारखं काय जायचं? तुम्ही काय तिच्या घरातून काही उचलून नेताय?"

मोठ्या बाईंनी ऐकलं. त्यांच्या कानांपासून काही लपत नाही. ड्रायव्हर गेल्यावर त्यांनी मावशीला बोलावून घेतलं आणि साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, एक रडायला लागलं की बाकीची बाराही सुरू होतात. तुम्हाला मी शिकवायला हवं का? तुमचीच पद्धत ना ही?"

"माझीच."

"मग?"

"मग मीच म्हणतेय ना, ती भिकार आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. एक दिवस, त्या म्हणाल्या. उद्याचा एक दिवस करून बघा, आणि पाळणाघर डोक्यावर घेतलं गेलं तर परवापासून तुम्ही स्वयंपाकघर सांभाळा, नव्या मुलांचं बघायला मी दुसरी बाई आणते. मावशी हो म्हणाली. घरी जाताना ती सिग्नलला उभ्या असलेल्या प्रत्येक माणसावर चिडली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर समोरच्या दारात उकिडवी बसली, पोरीचे दोन्ही हात धरले, आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "मी बस चालवायला चालले. तुझा चारचा खाऊ झाला की येते. येते हं मी." पोरीनं क्षणभर ऐकून घेतलं. मग जे काही सुरू झालं ते मावशीनं या घरात इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, कारण तिनंच ते कधी होऊ दिलं नव्हतं. पोरगी जमिनीवर पडली, टाचा घासल्या, मावशीच्या मनगटाला चावली. आई रस्ता ओलांडेपर्यंत ती खिडकीच्या गजांना धरून ओरडत राहिली. मोठ्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे बाकीची बाराही सुरू झाली. स्वयंपाकीण कानांवर हात ठेवून आत गेली. मावशी खिडकीखाली फरशीवर बसली आणि तिनं काहीही दाखवलं नाही, कबुतर नाही, मांजर नाही, गंमत नाही. "गेली आई," ती म्हणत होती. "राग आला ना? येणारच. मलासुद्धा आला असता." पन्नास मिनिटं. मोठ्या बाई घड्याळ बघून वहीत लिहीत होत्या. मग पोरगी थांबली, नाक मावशीच्याच पदराला पुसलं, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "खाऊ कधी?"

त्या दिवशी तिनं पिशवी पाठीवरून काढली. ठोकळ्यांचं काहीतरी बांधलं आणि दुसऱ्या एका पोरानं हात लावला तर त्याला ढकललं. दुपारी झोपली, तोंड उघडं टाकून. मावशी तिच्या शेजारी बसून होती आणि तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. उलट राग वाढत चालला होता. इतकं सोपं होतं हे? एक वाक्य आणि पन्नास मिनिटं?

चार वाजले. खाऊ झाला. पोरगी स्वतःहून पिशवी अडकवून समोरच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. सव्वाचार झाले. बाकीच्यांचे आईबाप येऊन गेले. दार उघडलं की ती पुढे व्हायची आणि दुसऱ्याच कुणाचे पाय दिसले की मागे. साडेचार. ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता, आणि स्टिअरिंगवर असलेल्या माणसाचा लागायचाही नाही. पोरीनं मावशीकडे बघितलं. तीच कालची नजर, जवळून. मोठ्या बाई आतून म्हणाल्या, "आत आणा तिला, दाराशी काय उभी करता! काहीतरी दाखवा, विसरेल ती."

"नाही विसरत," मावशी म्हणाली. "कुणीही विसरत नाही." आणि पोरीजवळ पायरीवर बसली. "आईनं चार म्हटलं होतं. चार होऊन गेले. ती यायला हवी होती आणि आली नाही. का, ते मला माहीत नाही. मी इथून हलणार नाही." पोरगीही बसली, थोडं अंतर ठेवून. दोघी रस्त्याकडे रागानं बघत राहिल्या.

पावणेपाचला ड्रायव्हर धावत आली, बिल्ला एका टाचणीवर लोंबत असलेला. पुढे अपघात झाला होता, तिची बस तासभर जागची हलली नव्हती. तिनं हात पसरले. पोरगी उठली, चालत तिच्यापर्यंत गेली आणि दोन्ही मुठींनी तिला मारायला लागली. मांडीवर, पोटावर, ती खाली बसली तेव्हा गालावर. "चार म्हणालीस! चार म्हणालीस!"

"असं मारायचं नाही, सगळे बघतायत," आई तिचे हात पकडायला लागली.

"मारू द्या," मावशी पायरीवरून ओरडली. "सोडा तिचे हात. मारू द्या म्हणते ना!" ड्रायव्हरनं हात सोडले. पोरीनं आणखी पाचसहा ठेवून दिले आणि मग तिच्याच गळ्यात हात टाकून हुंदके देत तिला घट्ट धरलं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. उद्याचं उद्या बोलू, असं काहीसं म्हणाल्या. मावशीनं ते नीट ऐकलंही नाही. तिला आपले स्वतःचे गाल कोरडे, रिकामे वाटत होते. त्यांच्यावर कधी कुणी हात उगारला नव्हता.

ती तिथेच पायरीवर बसली आणि तिनं लेकीला फोन लावला. आज वार गुरुवार होता, गुरुवारी ती कधी फोन करत नसे.

"काय झालं? बरं नाही का?" लेकीच्या मागे कसलंसं यंत्र गुरगुरत होतं.

"बरी आहे. तुला आत्याकडे सोडून गेले ना मी, तेव्हा तू बटणं ओवत होतीस."

"आई, मी कामात आहे. किती जुनं ते. असू दे ना."

"असू दे नको म्हणूस. मी तुला फसवून गेले. मागच्या दारानं."

"ठाऊक आहे मला."

"आत्यानं सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी बघितलं. तू उठलीस तशी मीपण उठले, मोरीच्या खिडकीशी आले. तुझ्याकडे हिरवी पिशवी होती."

सत्तावीस वर्षं ती वाकलेल्या मानेकडे बघत आली होती, आणि ती मान कधीच उठून खिडकीशी गेली होती. "मग हाक का नाही मारलीस गं? मी वळले असते. एक हाक मारली असतीस तर…"

"हाक?" लेक म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तू चपला हातात घेतल्या होत्यास, आई! वाजू नयेत म्हणून हातात घेऊन चालली होतीस, अनवाणी, त्या खडीवरून. मला काही ऐकू जाऊ नये असं तुला वाटत होतं. मग हाक कशी मारायची? चार वर्षांची होते मी, मला वाटलं आवाज केला तर तुला आणखी लांब जावं लागेल! तीन वर्षं मी त्या घरात आवाज नाही केला! तुला कळतंय का काय म्हणतेय मी?" तिच्या मागे कुणीतरी काही विचारलं. "थांबा हो जरा, बोलतेय ना मी!" ती त्या माणसावर खेकसली, आणि पाठोपाठ दार आपटल्याचा आवाज आला. आता यंत्र ऐकू येत नव्हतं, नुसता लेकीचा धापा टाकणारा श्वास येत होता.

चपलांचं मावशीला आठवतही नव्हतं. तिनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बोल," ती म्हणाली. "मी कुठे जात नाही. बोल अजून."